पांढऱ्या जास्वंदीच्या कळ्या

जास्वंदीची कोणती कळी उद्या उमलणार, हे आदल्या संध्याकाळी नुसतं बघून सांगता येतं. उद्याची कळी हिरव्या टोपीतून बोटभर बाहेर आलेली असते, टोकाला पीळ घातल्यासारखी घट्ट. परवाची अजून टोपीतच असते. मी रोज दिवेलागणीला उद्याच्या कळ्या मोजायचे, सकाळी उठून फुलं मोजायचे, आणि हिशेब कधी जुळायचा नाही. संध्याकाळी नऊ कळ्या, सकाळी तीन फुलं. संध्याकाळी सात, सकाळी एक. उमलायच्या आत कोणीतरी आमच्या कळ्या खुडून नेत होतं.

त्या चोरीचा छडा लागला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तो ज्या रीतीनं लागला ते आठवलं की आजही माझे हात गार पडतात, आणि मी काही सहज घाबरणारी बाई नाही.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. गावी थोडी कपाशी होती, ती काका बघायचे. बाबा सुरतेजवळच्या सचिन गावी एका डाईंग मिलमध्ये बारा बारा तासांची पाळी करायचे आणि घरी येताना नखांत त्या दिवशीचा रंग घेऊन यायचे. आम्ही सुरतेत लिंबायतला दहा खोल्यांच्या एका ओळीत राहत होतो. शेवटची खोली आमची, म्हणून दारापुढच्या ओटल्याच्या पलीकडे चार हात मोकळी जागा आम्हाला फुकट मिळाली होती. माय घरी साड्यांचे धागे कापायची. साडीच्या उलट्या बाजूला जे धागे लोंबत राहतात ते हातानंच कापावे लागतात, आणि त्या कामाचे गठ्ठे सुरतेत घरोघरी बायकांकडे येत. आमच्याकडे पाहुणा आला तर आधी साड्या सरकवून त्याला बसायला जागा करावी लागायची.

कापलेला माल पोचवायला माय कतारगामला एका गुजराती बेनच्या घरी जायची. सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षी एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. त्यांच्या अंगणात जास्वंदीची चार झाडं होती. भरगच्च लाल, गुलाबी, पिवळी, आणि भिंतीच्या कोपऱ्यात साध्या पाच पाकळ्यांची पांढरी. बेननं मोठ्या मनानं सांगितलं, हवी ती फांदी कापून ने. मी मायचा पदर ओढून लाल, लाल म्हणत होते. मायनं पांढरी मागितली. बेनसुद्धा क्षणभर बघतच राहिल्या.

घरी आल्यावर सगळ्या ओळीनं मायची थट्टा केली. गणपतीला लाल फूल लागतं हे शेंबड्या पोरालाही माहीत, आणि ही बया चार रंगांतून निवडून पांढरी घेऊन आली. माय म्हणाली, "पांढरं बी फूलच शे." एवढंच. मला तिचा असा राग आला होता की मी त्या फांदीला पाणी घालायचं नाही असं ठरवून टाकलं. दोन दिवसांनी घातलंच.

पहिली फांदी कुजली. पाऊस जास्त झाला आणि माती चिकट होती. माय पुन्हा कतारगामला गेली आणि पुन्हा पांढरीच मागून आणली. या वेळी तिनं तापीची रेती आणवली, निम्मी रेती निम्मी माती अशी अर्ध्या कापलेल्या कॅनमध्ये भरली, फांदीला डोळ्याच्या खाली तिरका काप दिला, खालची पानं काढली आणि वरची दोनच ठेवली, तीही अर्धी कातरून. कॅन सावलीत ठेवला. मूळ धरलं का बघायला मी फांदी हलवली की माझ्या हातावर फटका बसायचा. चाळीस दिवसांनी नवं पान फुटलं, तेव्हा कुठे तिनं ती ओटल्याच्या कोपऱ्यात जमिनीत लावली. आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी खारं. त्यानं पानांच्या कडा जळायच्या. म्हणून माय आमच्या पिण्याच्या पाण्यातलं दोन तांबे पाणी त्या झाडाला घालायची. नळाला पाणी पहाटे पाचला यायचं, जेमतेम पाऊण तास. त्यातले दोन तांबे म्हणजे काय, ते ज्यानं हंडे भरलेत त्यालाच कळेल. जवळच्या गोठ्यातलं शेण ती स्वतः डोक्यावरून आणायची. उन्हाळ्यात जुन्या साडीची सावली करायची. आमच्या वाट्याला आलं नाही एवढं कौतुक त्या झाडाचं झालं, असं मी तेव्हा म्हणायचे आणि त्यात फार खोटंही नव्हतं.

सव्वा वर्षानं पहिली कळी आली. मी नाचले. उद्या उमललं की गणपतीला वाहू, असं मी मायला सांगितलं. ती साडीचे धागे कापत राहिली. सकाळी कळी जागेवर नव्हती.

त्यानंतर झाड बहरतच गेलं आणि चोरीही वाढतच गेली. सुरतेत पूजेच्या फुलांची चोरी ही चोरी समजलीच जात नाही. चांगल्या घरच्या बायका पहाटे पिशवी घेऊन निघतात आणि लोकांच्या कुंपणांवरून फुलं तोडतात. पण त्या उमललेलं फूल नेतात. कळ्या नेऊन कोणी काय करतं, हे मला कळत नव्हतं. मी आपल्या डोक्यानं ठरवलं की चोर घरी नेऊन कळ्या पाण्यात उमलवत असणार. तसं करणारी बाई मला एकच दिसत होती, शेजारच्या खोलीतली काकू. ती परभणीकडची, नवरा कापडाच्या लूमवर, आणि घरात तिनं गणपतीची भिंतभर तसबीर लावलेली. रोज तिच्या तसबिरीला आमच्याच झाडाचं एक पांढरं फूल असायचं. ते माय स्वतः तिला द्यायची, हे मला माहीत होतं. तरी माझा संशय जाईना.

एके पहाटे नळावर सगळ्या बायका जमलेल्या असताना मी काकूला तोंडावर विचारलं की आमच्या कळ्या कधीपासून नेतेस. काकूचा हंडा भरून वाहत होता आणि ती माझ्याकडे बघत उभी होती. माय मागून आली. तिनं माझ्या कानशिलात अशी वाजवली की मला दोन क्षण काही ऐकू आलं नाही. तिनं आयुष्यात मला त्याआधी बोट लावलं नव्हतं. दंडाला धरून घरात ओढत नेलं आणि पुन्हा कुणावर आळ घेशील तर याद राख, असं दात ओठ खाऊन सांगितलं. मी थक्क झाले. चोर बाहेर आणि मार मला. माझी माय अगदीच भोळी आहे, असा अर्थ मी त्यातून काढला. काकूनं आमच्याशी बोलणं टाकलं, ते पुढे दोन महिने.

त्याच दिवाळीनंतर झाडाला पांढरा मावा पडला. शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी कापसाचे बारीक पुंजके चिकटलेले, आणि त्यांच्यामागून मुंग्यांची रांग. पानं आखडली. कळ्या गळायला लागल्या. माय रोज साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून एकेक देठ पुसायची, जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडायची, तंबाखू उकळून ते पाणी शिंपडायची. चार दिवस बरं दिसायचं, पाचव्या दिवशी पुंजके परत. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. एका दुपारी ती झाडाशी बसून डोळे पुसत होती. एवढ्याशा झाडापायी एवढी बाई रडते, याचाही मला धक्काच बसला.

बाबा गावी जाऊन आले तेव्हा येताना कपाशीवर मारायच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आले. कापूस पिकवणाऱ्या घरातला माणूस. त्यांनी जास्वंदीचं फूल हातात धरलं, उलटंसुलटं केलं आणि सांगितलं, ही कपाशीचीच जात आहे, फूल बघा, पान बघा, हिला कपाशीचंच औषध लागू पडणार. आमच्या ओळीतल्या सगळ्या खानदेशी बाप्यांनी माना डोलावल्या. चूक अशी की ती करायला पिढ्यांचं ज्ञान लागतं. दुसऱ्या कुणाच्या घरात ती बाटली आलीच नसती.

मायनं बाटली बघितली आणि तिचा चेहरा बदलला. "मना झाडले ते औसद मारानं नई," ती म्हणाली. बाबांनी समजावलं, थोडंच मारू, गावी आपण जन्मभर मारत आलो. माय ऐकेना. का नाही, ते सांगेना. शेवटी बाबांनी बाटली मोरीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली आणि पाळीला निघून गेले.

पुढचं मी केलं. मी, दहावीत शिकणारी, वर्गात दुसरी येणारी, स्वतःला घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाणी समजणारी. माय माल पोचवायला कतारगामला गेली होती. झाड डोळ्यांदेखत मरत होतं आणि औषध फळीवर होतं. मी इस्त्रीला पाणी मारायची बाटली घेतली, तिच्यात औषध ओतलं, वर पाणी घातलं. किती घालायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून जरा सढळच घातलं. मग झाड नखशिखांत भिजवलं. पानांच्या खालून, देठांवर, आणि कळ्यांवर तर विशेष, कारण मावा तिथंच जास्त होता. आणि खरं सांगायचं तर मनात हेही होतं की चोरट्या हातांना जरा वास लागू दे, खोड मोडेल. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

उद्याच्या कळ्या आठ होत्या. मी मोजून ठेवल्या.

हात घासून धुतले, बाटली जागेवर ठेवली. माय अंधार पडता पडता आली आणि झाडाकडे बघून थांबली. पानं ओली कशी, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, धुतली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पानं धुई टाक्यात का? चांगलं करं, पोरी." वासाबद्दल ती काही बोलली नाही. आमच्याकडे खाडीचा वास, मिलच्या धुराचा वास आणि बाबांच्या कपड्यांना रंगाचा वास. त्यात चौथा वास कुणाला वेगळा कळणार होता?

सकाळी मी उठले तेव्हा सात वाजले होते. बाबा पाळीवरून आले नव्हते. माय मोरीत भिंतीला टेकून बसली होती आणि ओकत होती. अंगावरचं पातळ घामानं भिजलेलं. तोंडातून लाळ गळत होती, ती तिला आवरत नव्हती. मी तिला धरलं तर तिच्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं. मी ओरडले की किंचाळले, मला आठवत नाही. आधी दारात काकू आली. दोन महिने आमच्या उंबऱ्याकडे न बघितलेली काकू. तिनं मायची हनुवटी वर केली, पापणी उघडून डोळ्यात पाहिलं. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता.

"हे कपाशीचं औषध हाय," काकू म्हणाली. "आमच्याकडं शेतात माणसं अशीच पडत्यात. कुणी मारलं? कुठं मारलं?"

मी झाडाकडे बोट दाखवलं. झाडावर तीन फुलं उमललेली होती. मी संध्याकाळी आठ कळ्या मोजल्या होत्या. तरीही मला कळलं नाही. माणसाचं डोकं इतकं बंद असू शकतं, यावर माझा त्या दिवसापासून विश्वास बसला.

काकूनं रिक्षा बोलावली, मायला मांडीवर घेतलं आणि आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं मायच्या नाकात नळी घातली, हातात सुया टोचल्या, दर थोड्या वेळानं डोळे बघून पुन्हा सुई. संध्याकाळपर्यंत तिच्या डोळ्यातला ठिपका थोडा मोठा झाला. डॉक्टरबाई तरुण होत्या. जगेल, असं त्यांनी सांगितलं, आणि मला दाराबाहेर बसून हुंदके आले ते थांबेनात.

पण त्याच डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं की बाईनं विष घेतलं. कपाशीचं औषध पोटात जातं ते एकाच कारणानं, असं तिथल्या सगळ्यांचं मत. वॉर्डात त्या आठवड्यात अशा आणखी दोघीजणी होत्या. पोलीसचौकीतला हवालदार आला. त्यानं बाबांना कोपऱ्यात घेऊन विचारलं, दारू पितोस का, मारतोस का, बाहेर काही भानगड आहे का. बाबा मिलमधून थेट आले होते. नखं निळी होती. ते प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होते आणि प्रत्येक नाहीगणिक त्यांचा आवाज बारीक होत होता. मग त्यांनी मायच्या पलंगाकडे जाऊन विचारलं, "मी काय कमी करं, सांग?" माय त्यांच्याकडे बघत राहिली. तिला बोलता येत होतं. ती बोलली नाही.

मी पुढे झाले आणि सांगितलं की औषध मी मारलं, झाडावर मारलं, मायला माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, झाडावरचं औषध आईच्या पोटात कसं गेलं? आम्ही सगळे मायकडे बघू लागलो. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझ्या मायनं रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चकार शब्द काढला नाही. जीव द्यायला निघालेली बाई म्हणून लोक तिच्याकडे बघत होते, बायकोला छळणारा म्हणून तिच्या नवऱ्याकडे बघत होते, आणि तिला ते चालत होतं. खरं सांगण्यापेक्षा तिला ते बरं वाटत होतं. हे आठवलं की मी अजूनही हादरते. विषानं नाही हादरत तेवढी.

शेवटी काकूनं हवालदाराला आणि बाबांना चहा प्यायला पिटाळलं. मलाही जा म्हणाली, मी गेले नाही, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले. काकू मायच्या उशाशी बसली आणि हळू आवाजात विचारलं, काय खाल्लं होतंस?

"कळ्या," माय म्हणाली.

"किती?"

"पाच."

"कामून?"

मायनं पदर तोंडावर ओढला आणि पदराआडूनच सांगितलं, अंगावरून पांढरं जातं. चार वर्षं झाली. गावच्या सुईणीनं सांगितलं होतं, पांढऱ्या जास्वंदीच्या कळ्या पहाटे अनशापोटी साखरेबरोबर चावून खा, उमललेलं फूल चालत नाही, कळीच हवी. म्हणून फांदी आणली. म्हणून पांढरी आणली.

मी पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभी राहिले. दोन वर्षं मी ज्या चोराच्या नावानं बोटं मोडत होते, तो चोर रोज पहाटे हंडे भरता भरता माझ्या उशापासून उठून जात होता. मी संध्याकाळी तिच्यासमोर कळ्या मोजायचे आणि ती ऐकून घ्यायची. सकाळी मी चिडून ओरडायचे तेव्हा तीही म्हणायची, कोण मेलं नेतं कोणास ठाऊक. ते झाड फुलांसाठी लावलेलंच नव्हतं. दोन तांबे पाणी, तापीची रेती, डोक्यावरचं शेण, झाडाशी बसून रडणं, सगळं एका औषधासाठी होतं, कारण दुसरं औषध मागायला तोंड उघडावं लागलं असतं. आणि त्याच कळ्या मी माझ्या हातानं विषात भिजवल्या होत्या, आणि वर तिच्याकडून शाबासकी घेतली होती.

काकू म्हणाली, "अगं, मला बी जातं की." पलीकडच्या पलंगावरची कोणी अनोळखी म्हातारी गुजरातीत काहीतरी पुटपुटली. तिची सूनही हे अंगावर काढते, असं ती सांगत होती. पदर घेतलेल्या मायला हे ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. पण तिनं पदर थोडा खाली केला.

डॉक्टरबाईंना काकूनंच सांगितलं. त्यांनी मायला पडद्याआड नेऊन तपासलं, कसल्याशा काचपट्ट्या तपासायला पाठवल्या, आणि दोन दिवसांनी गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांच्या. मायला आणि बाबांनाही. बाबांनी का घ्यायच्या ते त्यांना विचारायचा धीर झाला नाही, पण त्यांनी मुकाट घेतल्या. पंधरा दिवसांत मायचं चार वर्षांचं दुखणं गेलं. मी त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं हातात घेऊन बघत बसायचे. तीन वर्षं एक झाड वाढवायचं, त्याला लपवून खायचं, त्यापायी मरायला टेकायचं, आणि दुखणं पंधरा दिवसांचं.

घरी आल्यावर मी काकूच्या पाया पडले. तिनं मला उठवलं आणि सांगितलं, बरं झालं मी खरंच चोरटी नव्हते, नाहीतर तू मलाच गाठलं होतंस. असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

झाड मी उपटून टाकणार होते. माय म्हणाली, त्यानं काय केलं? खरंच, त्यानं काय केलं. उलट माझ्या औषधानं मावा साफ गेला आणि झाड असं तरारलं की बघवत नव्हतं. मायनं विळ्यानं ते गुडघ्याइतकं छाटलं, जुनी पानं एकूणएक गोळा करून लांब नेऊन पुरली, वरची माती बदलली, आणि त्या हंगामात त्याच्या कुठल्या कळीला कोणाला हात लावू दिला नाही. फाल्गुनात झाड पुन्हा भरलं. मी संध्याकाळी अकरा कळ्या मोजल्या. सकाळी अकरा फुलं होती. मी ओटल्यावर उभी राहून दोनदा मोजली.

त्याच सकाळी माय झाडाखाली वाळकी फुलं वेचत होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं मान वर न करता मला विचारलं, "तुले बी जास का?"

मला जात होतं. वर्षभर जात होतं. मी कपडे लपवून धुवायचे, आणि मला काहीतरी भयंकर झालं आहे, असं समजून चालत होते. मायचं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्या पलंगाशी उभी राहून ऐकलं होतं, तिच्या न बोलण्याचा राग राग केला होता. आणि मी म्हटलं, "नाही."

ते इतकं सहज आलं की माझं मलाच खरं वाटेना.

माय फुलं वेचत राहिली. परडी भरली तशी उठली, कमरेला हात लावून सरळ झाली आणि माझ्याकडे बघितलं. "मी बी नईच म्हनत व्हती," ती म्हणाली. मग घरात जाऊन तिनं पातळ बदललं, मला वेणी घालायला सांगितलं, आणि आम्ही दोघी आठच्या बसनं दवाखान्यात गेलो.